चौदा नंबरचं रक्त

१

सोमवारच्या रक्तात साखर होती, मंगळवारच्या रक्तात नव्हती. माणूस मात्र तोच होता.

त्या बाईंना सगळी गल्ली ताई म्हणायची. वय छप्पन्न, पुस्तकबांधणीचं दुकान, बोटांना कायम सरसाचा वास. धाकट्या भावाला एक किडनी द्यायची म्हणून त्यांच्या तपासण्या चालू होत्या. सोमवारी सकाळी उपाशीपोटी त्यांनी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर दोनशे अठरा. तीन महिन्यांची सरासरी आठ पॉइंट नऊ. म्हणजे चांगला मुरलेला मधुमेह. आणि मधुमेह असलेल्या माणसाची किडनी कोणी घेत नाही.

मंगळवारी लॅब उघडायच्या आधीच ताई पायरीवर बसल्या होत्या.

"डॉक्टरबाई, हे रक्त माझं नाही," त्या म्हणाल्या.

लॅबच्या डॉक्टरबाईंनी हे वाक्य बावीस वर्षांत शंभरदा ऐकलं होतं. वाईट रिपोर्ट कोणालाच आपला वाटत नाही. पण ताईंनी पिशवीतून चार महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट काढून समोर ठेवला. त्यात सरासरी होती पाच पॉइंट चार. चार महिन्यांत एवढी उडी कोणी मारत नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त घेतलं, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि मशीनसमोर स्वतः उभ्या राहिल्या. साखर एक्क्याण्णव. सरासरी पाच पॉइंट चार.

त्यांनी लगेच हॉस्पिटलला फोन केला. पलीकडून शांतपणे उत्तर आलं. एकाच लॅबचे, एकाच माणसाचे, एका दिवसाच्या अंतराने असे दोन रिपोर्ट. विश्वास कशावर ठेवायचा? शुक्रवारी अवयवदानाला परवानगी देणाऱ्या समितीची बैठक आहे. त्याआधी लेखी खुलासा द्या, नाहीतर या बाईंचं नाव दात्यांच्या यादीतून काढावं लागेल.

डॉक्टरबाईंनी फोन ठेवला आणि रक्त काढणाऱ्या मुलीला आत बोलावलं. ती सुई टोचते ते मुंगी चावल्यासारखं वाटतं, म्हणून पेशंटांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं.

"सोमवारी तूच होतीस ना?"

"हो मॅडम."

"मग मला एवढंच सांग. ताईंच्या नावाच्या ट्यूबमध्ये रक्त कोणाचं होतं?"



२

बुधवारी सकाळी मापाडी आपल्या तिमाही तपासणीला आले. हे गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी दुकानांतले तराजू, दुधाची मापं आणि पेट्रोलचे पंप तपासले. खालून मेण लावलेलं वजन नुसतं तळहातावर घेऊन ते ओळखायचे. आता त्यांना स्वतःची साखर मोजून घ्यावी लागे, आणि याचा त्यांना थोडा राग होता.

मुंगीने त्यांचं उपाशीपोटीचं रक्त घेतलं. तिचा हात नेहमीसारखाच हलका होता, पण डोळे सुजलेले होते.

"काय झालं गं?"

"काही नाही काका. उद्यापासून मी नाही येणार. खुलासा होईपर्यंत मॅडमनी घरी बसायला सांगितलंय."

मापाडींनी दंडावरचा कापूस दाबून धरला आणि सरळ डॉक्टरबाईंच्या खोलीत गेले. त्यांनी घरून आणलेला डबा तिथेच टेबलावर उघडला. डॉक्टरबाईंनी हकिगत सांगितली. ऐकता ऐकता मापाडींनी खाणं संपवलं, घड्याळ पाहिलं. साडेआठ वाजले होते.

"जेवणानंतरचं रक्त साडेदहाला द्यायचं. म्हणजे दोन तास आहेत माझ्याकडे. ते दोन्ही कागद दाखवा."

"आकडे मी सांगितले ना तुम्हाला."

"तुम्ही साखर सांगितलीत. बाकीचा कागद वाचतो."

त्यांनी सोमवारचा रिपोर्ट घेतला आणि वरून खाली, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचला. मग मंगळवारचा. मग पुन्हा सोमवारचा.

"हे हिमोग्लोबिन. सोमवारी नऊ पॉइंट दोन, मंगळवारी बारा पॉइंट सात. हेही उडी मारतंय की."

"हो. साखरेच्या नादात माझं लक्षच गेलं नाही."

"आणि ही किडनीची तपासणी. सोमवारी शून्य पॉइंट आठ, मंगळवारीही शून्य पॉइंट आठ. ही हललेली नाही. असं का व्हावं?"

डॉक्टरबाई खुर्चीत सरळ बसल्या. "प्रत्येक पेशंटच्या तीन ट्यूब असतात. राखाडी टोपणाची साखरेसाठी. जांभळ्या टोपणाची सरासरी आणि हिमोग्लोबिनसाठी. लाल टोपणाची किडनीसाठी."

"म्हणजे लाल ट्यूब ताईंची होती. राखाडी आणि जांभळी दुसऱ्याच कोणाची."

"तसंच दिसतंय."

"मग डॉक्टरबाई, तुम्ही सोमवारी सही केलीत त्या एका कागदावर दोन माणसं आहेत."

३

मुंगी रक्त घ्यायच्या खोलीत सुया मोजून ठेवत होती. जाण्याआधी सगळं जागेवर असावं असा तिचा प्रयत्न दिसत होता. मापाडी समोरच्या स्टुलावर बसले.

"मला रक्त द्यायला आलेला माणूस समज. दारापासून सांग."

"काउंटरवर नाव लिहितात. नंबर मिळतो. नंबराचे तीन स्टिकर एका पट्टीवर छापून येतात, काउंटरवरच्या काकू ते तिन्ही ट्यूबना लावतात. ट्यूब छोट्या ट्रेमध्ये ठेवून ट्रे पेशंटच्या हातात देतात. पेशंट बाकावर बसतो. मी नंबर पुकारला की ट्रे घेऊन आत येतो."

"म्हणजे ट्यूब रिकाम्या असतात, पण त्यांच्यावर नंबर आधीच लागलेला असतो."

"हो."

"मग तू काय करतेस?"

"नाव विचारते, ट्यूबवरचं वाचते, रक्त घेते."

"तिन्ही ट्यूबवरचं?"

मुंगीने सुयांचा डबा बंद केला, उघडला, पुन्हा बंद केला. "मॅडमना मी हो म्हणाले."

"मी मॅडम नाही."

"सोमवारी साठ पेशंट होते, काका. पुढे असते ती लाल ट्यूब. मी तेवढीच वाचली." तिने मान वर केली. "रोज असं नाही करत. पण सोमवारी केलं. माझी चूक आहे."

"आहे," मापाडी म्हणाले. "आणि तू ती सांगितलीस म्हणून आता पुढे जाता येईल. ताईंचा नंबर किती होता?"

"चौदा."

"मागोमाग पंधरा नंबरवर कोण होतं?"

"ताईंचेच भाऊ. घड्याळजी. ते दर महिन्याला येतात, डायलिसिसवर आहेत ना. साखरही आहे त्यांना, रोज इन्शुलिन घेतात. त्यांची शीर मिळायला फार वेळ लागतो, पण कधी हूं की चूं करत नाहीत."

मापाडी उठले. डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर पंधरा नंबर काढला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साखर ब्याण्णव. सरासरी पाच पॉइंट चार. हिमोग्लोबिन बारा पॉइंट सहा. आणि खाली किडनीचा आकडा सात पॉइंट एक, लाल खुणेसह.

"डायलिसिसवरच्या माणसाचं हिमोग्लोबिन बारा पॉइंट सहा, आणि मी सही केली," त्या हळूच म्हणाल्या. "बिघडलेल्या आकड्यावर मशीन लाल खूण करतं. चांगल्या आकड्याकडे कोण बघतं? किडनीची खूण नेहमीचीच होती." त्यांनी एक मोठा श्वास घेतला. "चला, निदान खुलासा मिळाला. बहीण-भावाच्या ट्यूबची अदलाबदल. काउंटरवर चौदा-पंधराची गफलत झाली असणार."

"काउंटरवर गफलत झाली असती, तर पट्टीच्या पट्टी चुकली असती. तिन्ही ट्यूब गेल्या असत्या. इथे दोन गेल्यात आणि तिसरी सोडलीय." मापाडींनी पंधरा नंबरच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "समजा, लालही बदलली असती. मग काय झालं असतं?"

"ताईंच्या रिपोर्टवर किडनी फेल झालेली दिसली असती. काहीतरी घोळ आहे हे मला त्याच मिनिटाला कळलं असतं."

"म्हणून ती सोडली. कोणती ट्यूब कशाला लागते हे माहीत असलेल्या माणसाने, विचार करून. ही चूक नाही, डॉक्टरबाई. कोणाला तरी ही किडनी दिली जायला नको आहे."

४

पुस्तकबांधणीचं दुकान लॅबपासून सहा दुकानं सोडून होतं. ताई एका जाड वहीच्या पाठीला कापड चिकटवत होत्या. शेजारी त्यांचा मुलगा उभा होता. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करायचा, आणि कामावर जाण्याआधी आईला जड दाबयंत्र फिरवून द्यायचा.

"काका, सापडला का चोर?" ताईंनी विचारलं. हात थांबवला नाही.

"चोरीच झालीय का, ते बघतोय. सोमवारी लॅबमध्ये तुम्ही तिघं होतात?"

"तिघं. मी, हा आणि धाकटा. नंबर लागायच्या आत मला लघवीचा नमुना द्यायचा होता, म्हणून मी ट्रे याच्या हातात दिला आणि आत गेले. आले, ट्रे घेतला, रक्त दिलं. संपलं."

मापाडींनी मुलाकडे पाहिलं. मुलगा दाबयंत्राचं चाक फिरवत होता.

"ट्रे तुझ्या हातात होता."

"होता."

"आणि हे ऑपरेशन तुला नको आहे, असं गल्लीत सगळे म्हणतात."

"गल्लीत कशाला विचारायचं? मीच सांगतो." मुलाने चाक सोडलं. "नको आहे. मामा मला बापाच्या ठिकाणी आहे, पण आई एकच आहे. मी आईला म्हणालो, माझी घ्या. जुळली नाही. मग म्हणालो, तू देऊ नकोस. चार दिवस बोललो नाही तिच्याशी. पाया पडलो. ती काय म्हणाली माहितेय? पाया पडलायस तसा वाकलेलाच राहा, खालचे कागद गोळा कर."

ताईंच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं.

"मग ट्रे हातात असताना मनात काय आलं?"

"मनात काही यायच्या आत फोन आला. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत दोन माणसं. मी ट्रे बाकावर ठेवला आणि बोलायला बाहेर गेलो."

"बाकावर कोण होतं?"

"मामा होता. आणखी चार-पाच माणसं होती."

मापाडींनी सरसाच्या भांड्यात डोकावून पाहिलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "त्या ट्यूबची टोपणं वेगवेगळ्या रंगांची का असतात रे?"

मुलगा गोंधळला. "रंग होते का? लाल आठवतेय. रक्ताची म्हणून लाल असेल. सगळ्यांत महत्त्वाची तीच ना?"

मापाडींनी मान हलवली आणि ताईंचा निरोप घेतला. दाराशी ताईंनी त्यांना थांबवलं.

"काका, माझ्या पोराने हे केलेलं नाही. तो माझ्याशी भांडतो ते तोंडावर. खोटं त्याला शिवत नाही."

"माझंही तेच मत झालंय. ज्याला लाल ट्यूब सगळ्यांत महत्त्वाची वाटते, त्याने तीच आधी उचलली असती."

"मग राहिलं कोण?"

मापाडींनी पायात चपला घातल्या. "ताई, तुमच्या घड्याळाचा पट्टा सैल झालाय. माझ्याही घड्याळाचं जरा बघायचंय. भाऊ असतील ना दुकानात?"

त्यांनी वळून पाहिलं नाही. पण आतला कापड चिकटवण्याचा आवाज थांबला होता.

५

घड्याळजीचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा, भिंतीवर वेगवेगळ्या वेळा दाखवणारी घड्याळं. वय चव्वेचाळीस असलं तरी चेहरा राखाडलेला, पावलं सुजलेली. हात मात्र असे स्थिर की चिमट्यातला तांदळाएवढा स्क्रू हलत नव्हता.

"या काका. काय बिघडलं?"

"रोज चार मिनिटं मागे पडतं." मापाडींनी घड्याळ काढून दिलं आणि समोर बसले. "मीही आत्ता लॅबमधून आलो. साखरेचं काही खरं नाही बघा. मागच्या वेळी एकशे सत्तर होती, बायकोने घर डोक्यावर घेतलं. तुमची किती असते?"

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. "माझं विचारू नका. उपाशीपोटीसुद्धा दोनशेच्या खाली कधी येत नाही."

"एवढी? सोमवारीही?"

"सोमवारीही. सुई घेऊन घेऊन पोटाची चाळण झाली, पण ती काही ऐकत नाही."

"रिपोर्ट पाहिला असेल ना तुम्ही."

"आणला त्याच संध्याकाळी."

"दाखवला डायलिसिसच्या डॉक्टरांना?"

"नाही अजून. दाखवीन."

मापाडी बोलले तेव्हा त्यांचा आवाज आधीपेक्षा हलका होता. "घड्याळजी, सोमवारचा तुमचा रिपोर्ट म्हणतो साखर ब्याण्णव. इतकी वर्षं इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला असा कागद मिळाला, तर तो गल्लीभर नाचवील. निदान लॅबमध्ये येऊन विचारील की हे काय. तुम्ही तो कागद घडी घालून ठेवलात, आणि मी विचारलं तर खरा आकडा सांगितलात. तुमचा तुमच्याच रिपोर्टवर विश्वास नाही. कारण तो तुमचा नाही, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं."

घड्याळजीने भिंग काढलं. चिमटा खाली ठेवला. टेबलाचा खण उघडून त्याने घडी घातलेला कागद बाहेर काढला आणि मापाडींच्या पुढे सरकवला.

"तीन वर्षं दर महिन्याला त्या बाकावर बसतोय," तो म्हणाला. "कोणत्या रंगात काय जातं, पाठ झालंय. भाच्याचा फोन आला, ट्रे माझ्या मांडीशी होता. दोन ट्यूब इकडच्या तिकडे. एवढंसं काम. या हातांनी याहून बारीक कामं केलीत."

"का केलंत?"

"आमच्या आईला साखर होती. आधी डोळे गेले, मग किडन्या. मला तिसाव्या वर्षी लागली. ताईला अजून नाही. अजून नाही, एवढंच. उद्या लागली आणि एकच किडनी असली, तर?"

"हे तिला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं. म्हणाली, उद्याचं उद्या बघू. मी फॉर्मवर सही करत नव्हतो, तर तीन दिवस या पायरीवर येऊन बसली. दुकान बंद ठेवून. गिऱ्हाईकं तिला ओलांडून यायची. ताईला नाही म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय, काका. मी दहा वर्षांचा होतो तेव्हा आई गेली. ताई बावीस वर्षांची. माझ्यासाठी तिने काय काय सोडलं ते मोजायला लागलो तर झोप येत नाही. आता शरीरातला तुकडाही घ्यायचा? माझ्याने नाही म्हणवेना आणि हो म्हणवेना. वाटलं, लॅबनेच नाही म्हणावं."

"आणि तिला मधुमेह समजून कोणी गोळ्या सुरू केल्या असत्या तर?"

"त्याआधी सांगणार होतो."

"आणि त्या मुलीचं काय?"

घड्याळजीला समजलं नाही. "कोणती मुलगी?"

"तुमची शीर शोधणारी. उद्यापासून तिला घरी बसवलंय. ट्यूब तिने बदलल्या असं धरून."

भिंतीवरची घड्याळं आपापल्या चालीने चालत होती. घड्याळजीने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

"चला," तो म्हणाला. "आत्ताच जाऊ."

त्याने उठून दिव्याचं बटण बंद केलं, आणि तसाच उभा राहिला. बाहेर पायरीवर ताई उभ्या होत्या. किती वेळापासून, ते दोघांनाही माहीत नव्हतं.

६

तिघं गल्लीतून लॅबपर्यंत चालत गेले, ताई पुढे, घड्याळजी दोन पावलं मागे. साडेदहाला पाच मिनिटं होती.

मुंगीने मापाडींचं जेवणानंतरचं रक्त घेतलं. ते होईपर्यंत घड्याळजी दाराशी थांबला, मग आत गेला.

"तुला माझ्यामुळे बोलणी बसली," तो तिला म्हणाला. "ट्यूब मी बदलल्या. मॅडमना लिहून देतोय. तुझी माफी मागतो."

"शीर दुखत नाही ना आता?" असं काहीतरी मुंगी बोलून गेली, आणि मग तिला रडू आलं.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर राग होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "बावीस वर्षांचं नाव आहे या लॅबचं. ते एका सकाळीत गेलं असतं. आणि मी काय केलं? हाताशी जी सापडली तिच्यावर ठपका ठेवला." त्या मुंगीकडे वळल्या. "उद्या तू येणार आहेस. आणि उद्यापासून ट्रे पेशंटच्या हातात जाणार नाही."

घड्याळजीने खुलाशाखाली सही केली. मग सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं.

"माझ्या शरीरातलं काय द्यायचं ते मी ठरवणार," ताई भावाला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तू नाही. लॅब नाही."

"आणि माझ्या शरीरात काय घ्यायचं ते मी ठरवणार की नाही?"

ताई थांबल्या. हे वाक्य त्याने आजवर कधी म्हटलं नव्हतं.

"म्हण की मग," त्या म्हणाल्या. "माझ्या तोंडावर नाही म्हण. ट्यूबच्या आड लपून कशाला?"

"तू ऐकतेस का?"

"आत्ता ऐकतेय."

घड्याळजी बराच वेळ बोलला. आईचे डोळे, शेवटची दोन वर्षं, आणि ताई साठीला आल्यावर तिचं काय होईल याची त्याला वाटणारी धास्ती. ताईंनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. त्यांच्यासाठी हे नवीन होतं.

त्याचं बोलून संपल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमची भीती खोटी नाही. घरात मधुमेह आहे, तेव्हा उपाशीपोटीच्या एका आकड्यावर मीही विसंबणार नाही. एक तपासणी असते. उपाशीपोटी ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. शरीर ती साखर कशी पेलतं ते कळतं. पुढच्या आयुष्याची हमी त्यातही नाही. पण आज ताई कुठे उभ्या आहेत ते कळेल. हॉस्पिटलवालेही ते विचारतीलच. आकडा एकशे चाळीसच्या वर आला, तर मी स्वतः पत्र लिहीन की यांची किडनी घेऊ नका."

"वर आला तर तू हट्ट सोडशील?" घड्याळजीने विचारलं.

"सोडीन," ताई म्हणाल्या. त्यांना ते जड गेलं. "आणि खाली आला तर?"

घड्याळजीने मापाडींकडे पाहिलं, जणू ते काही सुचवतील. मापाडी कापूस दाबून बसले होते.

"खाली आला तर घेईन," तो म्हणाला.

गुरुवारी सकाळी सातला ताईंनी ग्लुकोजचं पाणी एका दमात संपवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग बहीण-भाऊ बाकावर दोन तास शेजारी बसून राहिले. मुलगा कामावर गेला नाही. मापाडींचं खरं तर तिथे काही काम नव्हतं, पण तेही येऊन बसले. नऊ वाजता मुंगीने ट्यूबवरचं नाव मोठ्याने वाचलं, ताईंना पुन्हा त्यांचं नाव विचारलं, आणि रक्त घेतलं.

पाऊण तासाने डॉक्टरबाई कागद घेऊन बाहेर आल्या. तो त्यांनी ताईंच्या हातात न देता घड्याळजीच्या हातात दिला.

त्याने आकडा वाचला. एकशे बारा. त्याने तो पुन्हा वाचला. मग खालचं हिमोग्लोबिनही वाचलं, बहुधा हे रक्त खरंच ताईंचंच आहे ना, याची खात्री करायला.

"ताई," तो म्हणाला, "मला भीती वाटते."

"मलाही वाटते," ताई म्हणाल्या. "तुला काय वाटलं, मला वाटत नाही?"

हे त्यांच्या मुलालाही नवीन होतं. तो उठला आणि आईच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसला.

शुक्रवारी समितीने डॉक्टरबाईंचं पत्र, घड्याळजीचा खुलासा आणि तिन्ही दिवसांचे रिपोर्ट वाचले. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन पुष्कळ प्रश्न विचारले. घड्याळजीला दोनदा विचारलं की तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का. त्याने सांगितलं की पंधरा दिवसांपूर्वी होता, आता नाही. सात आठवड्यांनी ऑपरेशन झालं.

त्या दिवशी मापाडी घरीच थांबले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाचा फोन आला. आई ठीक आहे, उठून बसलीय, चहा मागतेय. मामाही ठीक आहे, किडनीने काम सुरू केलंय.

"काय करतोय मामा?" मापाडींनी विचारलं.

डायलिसिसवरच्या माणसाला दिवसभराचं पाणी मोजून मिळतं, चार-पाच फुलपात्रं, त्यातच औषधाचंही. तीन वर्षं घड्याळजी तसा जगला होता.

"पाणी पितोय, काका. नर्सनेच सांगितलंय, भरपूर प्या म्हणून. आता तिसरा ग्लास चाललाय. आई पलीकडच्या खोलीतून सारखी विचारून पाठवतेय, किती झाले."